लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हर वडिलांचे आयुष्य लिहून ठेवायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

केळापूरची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे बाबा गेल्या आश्विनात वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांच्या आणि गावकऱ्यांच्या हाती देता येईल अशी एक छोटी पुस्तिका आम्ही भावंडे तयार करत आहोत. बाबा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, पुढे ड्रायव्हर झाले आणि २०१३च्या सुमारास डोळ्यांनी साथ सोडेपर्यंत गाडी चालवत राहिले.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे महामार्ग सोडून थोडे आत आहे. घरची शेती कोरडवाहू. कापूस आणि तूर घ्यायची, आणि पाऊस पडेल त्यावर वर्ष काढायचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती शेती भावांत वाटली गेल्यावर एका घराला पुरेल इतकी उरली नाही, म्हणून बाबा रस्त्याला लागले. त्या पैशावर आम्ही तिघे शिकलो, माझे आणि बहिणीचे लग्न झाले, भाऊ नोकरीला लागला.

अडचण अशी आहे की आम्ही त्यांना ओळखतो ते घरी आल्यानंतरचे. ते आले की आधी मोरीत बसून बराच वेळ हातपाय घासत, मग भाकरी खाऊन जे झोपत ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठत, आणि तोवर आई आम्हाला अंगणातसुद्धा मोठ्याने बोलू देत नसे. उठल्यावर ते आधी गोठ्यात जात आणि त्यानंतर आमची दप्तरे बघत. निर्मलची रंगवलेली लाकडी खेळणी, आग्र्याचा पेठा, कधी आईला एखादे लुगडे, असे काहीतरी पिशवीतून निघत असे. पोळ्याला घरी पोचण्याचा त्यांचा फार अट्टाहास असे. एका वर्षी पोळा फुटून बैल घरोघरी पूजेला गेल्यानंतर ते आले, आणि त्या संध्याकाळी ते कोणाशी फारसे बोलले नाहीत. एवढे आम्हाला ठाऊक आहे. वाटेत ते काय खात, कुठे झोपत, कशाला घाबरत, कोणाशी त्यांची मैत्री होती, यातले जवळजवळ काहीच आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात लायसन्सची जुनी वही, खर्चाच्या काही डायऱ्या, पिवळ्या पडलेल्या बिल्ट्या (पाठवलेल्या मालाच्या पावत्या) आणि गजानन महाराजांची केबिनमध्ये लावलेली तसबीर आहे. डायऱ्यांतल्या नोंदी इतक्या त्रोटक आहेत की आम्हाला त्यांतून फारसा अर्थ लागत नाही. आईला विचारले तर ती म्हणते, “गाडी चालवली, तुम्हाले शिकवलं, त्यात काय लिहाचं?”

ज्यांनी हे काम केले किंवा ज्यांच्या घरात ड्रायव्हर होता, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. रस्त्यावरचे आयुष्य समजून घेण्यासाठी मी कोणाला आणि काय विचारावे? आणि त्यांच्या आयुष्यातली कर्जाची, ओढाताणीची वर्षे अशा पुस्तिकेत लिहावीत का? घरात यावर एकमत होत नाही.

जुना उस्ताद, हिंगणघाट

ताई, तुमच्या बाबांची आणि माझी गाठ पडली होती की नाही हे मला सांगता येणार नाही, पण तुम्ही म्हणता त्या काळात मी त्याच रस्त्यावर होतो. तेव्हा त्याला सात नंबर म्हणत. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद करत कन्याकुमारीला जाणारा तो रस्ता. आज त्याचा आपल्याकडचा भाग चव्वेचाळीस नंबर झाला आहे. जाम, हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगेचा पूल आणि पलीकडे आदिलाबाद, ही गावे त्या पिढीच्या ड्रायव्हरला झोपेतही क्रमाने सांगता येत.

सर्वांत आधी त्यांचा उस्ताद कोण होता याचा शोध घ्या. आमच्या धंद्यात शिकण्याची शाळा नव्हती. पोरगा क्लीनर म्हणून चढायचा आणि उस्ताद जे करील ते पाहत राहायचा. रेडिएटरमध्ये पाणी भरणे, काच पुसणे, स्टोव्हवर भात टाकणे आणि प्रत्येक थांब्यावर टॉमीने (लोखंडी दांड्याने) चाकांवर ठोकून आवाज ऐकणे, ही त्याची कामे. हवा नीट भरलेला टायर टणक आवाज देतो आणि बसत चाललेल्याचा आवाज भदभद येतो. जोडीच्या चाकांतला आतला टायर बसला तर तो डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतो. घाट चढताना क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन फाळक्याजवळ उभा राहायचा, आणि गाडी मागे सरकू लागली की उडी मारून तो चाकाखाली घालायचा. निर्मलच्या घाटात आणि उत्तरेकडे जाताना शिवनीच्या अलीकडच्या कुरईच्या घाटात हे काम किती जोखमीचे होते, ते ज्याने केले त्यालाच माहीत. अशी काही वर्षे गेली की एखाद्या रात्री, रिकाम्या गाडीवर, सरळ रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात देत असे. तुमच्या बाबांना ते पहिल्यांदा कोणी आणि कुठे दिले, हे जर कोणाकडून कळले तर ते अवश्य लिहा.

जिनिंगच्या गाडीवर ते होते म्हणजे रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, दाबून बांधलेल्या गाठी वाहत असणार. एक गाठ सुमारे १७० किलोची असते. त्या वेळच्या सहाचाकी गाडीत नऊ-दहा टन माल जायचा, म्हणजे पन्नास-साठ गाठी. हमाल लोखंडी आकड्यांनी त्या वर चढवत, पण रचाईवर नजर ड्रायव्हरची असे, कारण वळणावर माल कलला तर गाडी उलटते आणि गाडीत हमाल नसतो. रचून झाल्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर दोरी. दोरी कशी ओढली आहे हे पाहून कोणता उस्ताद आहे ते लांबून ओळखू येत असे.

गाठींच्या गाडीवर खरी भीती आगीची असते. दाबताना एखादी ठिणगी आत राहिली तर गाठ वरून चांगली दिसते आणि पोटातून धुमसत राहते. दोन-दोन दिवसांनंतर, हवा लागताच, ती पेटते. म्हणून गाठीवाला ड्रायव्हर थांबला की चहा पिण्याआधी ताडपत्रीखाली हात घालायचा, तळव्याने गाठी चाचपायचा आणि वास घ्यायचा. त्या गाडीवर आम्ही बिडीसुद्धा उतरून, लांब जाऊन ओढत असू. तुमचे बाबा घरी आल्यावर एवढा वेळ हातपाय का घासत, असे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती धूळ आली. रुईची तूस घामात बसते आणि लवकर निघत नाही.

केबिनबद्दलही थोडे लिहा, कारण आजच्या मुलांना ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. आता १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. आमच्या वेळी इंजिनाचे बोनट केबिनच्या आतच असे आणि वैशाखात त्याच्या शेजारी बसून डावा पाय अक्षरशः भाजून निघे. आम्ही गोणपाट भिजवून बोनटवर टाकत असू; ते पाऊण तासात कोरडे होई आणि क्लीनर पुन्हा भिजवून टाकी. पॉवर स्टिअरिंग नव्हते. भरलेली गाडी जागेवर वळवताना खांद्यातून कळ जाई, आणि म्हणूनच आमच्या पिढीच्या ड्रायव्हरांचे खांदे आणि कंबर म्हातारपणी एकदम गेले. पंजाबी, आंध्रातले, यूपीचे, आमचे वऱ्हाडी असे सगळे एकाच धाब्याच्या बाजेवर झोपत. रस्ता अरुंद होता, येणारा-जाणारा एकाच पट्ट्यावर. समोरच्याने डिपर दिला, म्हणजे दिवा मिचकावला, की तो आपल्याला वाट देतो की मागतो, हे एका क्षणात ओळखावे लागे, आणि त्या ओळखण्यावर दोन घरे अवलंबून असत.

डायरीतल्या नोंदींचे म्हणाल तर “नाका” असे जिथे लिहिलेले असेल तिथे जकात, सेल्स टॅक्स किंवा सीमेवरची तपासणी समजा. एका नाक्यावर अख्खी रात्र जाई. पुढे “खर्ची” असा आकडा असेल तर त्यात काय काय येत असे, ते त्या काळी सर्वांना माहीत होते. “नारळ” अशी नोंद पांढरकवड्याजवळ सापडली तर ती केळापूरच्या जगदंबेची समजावी. मंदिर महामार्गालगतच असल्यामुळे दक्षिणेला उतरणाऱ्या कितीतरी गाड्या तिथे थांबत.

ज्यांना विचारायचे ते लोक म्हणजे पंक्चरवाले, कमानपाटे (गाडीच्या स्प्रिंगा) बसवणारे मिस्त्री आणि धाबेवाले. रस्ता चौपदरी झाला तेव्हा जुन्या रस्त्यावरचे बरेच धाबे बंद पडले, पण माणसे गावातच असतात. वडकी आणि करंजीत चौकशी करा.

कर्जाबद्दल माझे मत विचाराल तर ते लिहू नये. वर्षश्राद्धाला आलेल्या माणसाच्या हातात हिशेब देऊ नये. त्यापेक्षा त्यांनी कधी माल घटू दिला नाही, हे लिहा. बिल्टीच्या मागे पोचल्याची सही असते. त्या सहीजवळ “कम” असा शेरा कुठे नसेल, तर ड्रायव्हरला त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

वरुडवासी

माझे यजमान संत्र्याच्या गाडीवर होते, म्हणून लिहिते.

ताई, आईंना “बाबांबद्दल सांग” असे विचारू नका. त्याचे उत्तर कोणतीही बाई तुमच्या आईंनी दिले तसेच देईल. “बाबा नसताना तू काय काय केलंस” असे विचारा आणि एकेका वर्षाचे विचारा. ड्रायव्हरच्या संसाराची निम्मी हकिगत तिथे असते.

आमच्याकडे आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात. वरुड-मोर्शीचा माल तेव्हा लाकडी पेट्यांत, खाली-वर गवत घालून, दिल्लीच्या आझादपूर मंडीत जाई. पांढुर्णा, मुलताई, बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा असा रस्ता. संत्रा नासका माल. गाडी एक दिवस अडली तर भाव पडतो, दोन दिवस अडली तर पेट्या गळू लागतात. त्यामुळे हंगामात घरी येणे नाहीच. आमच्या घरी दिवाळीचा फराळ दोनदा होत असे, एकदा तिथीप्रमाणे आणि एकदा ते आल्यावर. लक्ष्मीपूजन मी आणि सासूबाई करत असू. माझ्या मुलांना हे इतके सवयीचे झाले होते की इतरांकडे दिवाळीला वडील घरी असतात याचे त्यांना नवल वाटे.

शेत यजमानांच्या नावावर होते, म्हणून सोसायटीचे पीककर्ज त्यांच्या सहीशिवाय मिळत नसे. मृग तोंडावर आलेला, सगळे गाव बियाणे घेऊन तयार, आणि गाडी कुठेतरी आग्र्याकडे. एका वर्षी सहीअभावी कर्ज पेरणी उलटल्यावर मिळाले. मी कृषी केंद्रातून बियाणे उधारीवर उचलले, सावडीने पेरणी करून घेतली आणि ते आल्यावर फक्त सांगितले. त्यांनी शेतात जाऊन एक चक्कर मारली, तासे बघितली आणि म्हणाले, “बरोबर पडलं.” त्यांच्या तोंडून एवढे निघाले तरी मला पुरेसे होते. धाकट्याला डांग्या खोकला झाला तेव्हा त्याला अमरावतीला नेले, बैलजोडीतला एक बैल विकून दुसरा घेतला, मोठीच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. यातले काहीच त्यांना विचारून करता येण्यासारखे नव्हते.

फोनचे आज कोणाला काही वाटत नाही. गावात किराणा दुकानात एसटीडी आली तेव्हा रात्री अकरानंतर दर उतरत, म्हणून ते अकरा वाजल्यावरच फोन करत. दुकानदाराचे घर दुकानामागेच होते. तो बिचारा कंदील घेऊन मला बोलवायला येई आणि पुन्हा फोन येईपर्यंत आम्ही दोघे ओट्यावर बसून राहत असू. बोलणे मिनिटभराचे. “आहे ना सगळं?” “आहे.” “पोरं?” “झोपली.” “ठेवतो.” आजारपण, उधारी, भांडण यांतले काही मी त्या मिनिटात कधी सांगितले नाही, कारण त्यानंतर त्यांना रात्रभर गाडी चालवायची असे. माझी खात्री आहे की त्यांनीही त्यांच्या बाजूचे तसेच काही गिळले असेल.

म्हणून माझी विनंती आहे की पुस्तिकेत एक भाग आईंचा असू द्या. तो “सहधर्मचारिणी” वगैरे दोन ओळींचा नको, चांगला चार-पाच पानांचा हवा, आणि त्यांच्याच बोलीत.

मुनीम, वणी

मी ट्रान्सपोर्ट कार्यालयात बुकिंगचे काम केले. उस्तादांनी आणि वहिनींनी सांगितलेले विचारायला माणसे लागतील. मी कागदांबद्दल सांगतो, कारण ते तुमच्या हातात आहेत.

लायसन्सची वही नीट बघा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीचे लायसन्स दर तीन वर्षांनी नव्याने करावे लागे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ती मुदत पाच वर्षे झाली. त्यामुळे शिक्क्यांच्या तारखा ओळीने लिहून काढल्या की तुमच्या बाबांच्या कामाच्या वर्षांचा सांगाडा आपोआप उभा राहतो. मध्येच एखादा शिक्का उशिरा पडलेला दिसला तर त्या वर्षी घरात काय घडले होते ते आईंना विचारा. बहुतेक वेळा आजारपण किंवा अपघात निघतो.

बिल्टीवर माल पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडे आणि गाडीचा नंबर असतो. नंबरवरून मालक बदलले का ते कळेल. एमएच २९ म्हणजे यवतमाळ, ३२ वर्धा, ३४ चंद्रपूर, ३१ नागपूर. भाडे आणि आगाऊ रक्कम यांतला फरक पाहिला की ड्रायव्हर वाटखर्चाला किती पैसे घेऊन निघाला होता तेही समजते. आमच्या वणीहून कोळसा आणि पलीकडे गडचांदूरकडून सिमेंट निघत असे. गाठींचा हंगाम संपला की जिनिंगच्या गाड्या उन्हाळ्यात या मालाला लागत, म्हणून तशा बिल्ट्या सापडल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका.

डायऱ्या वाचताना काळाच्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात. महामार्गांचे नंबर २०१०मध्ये बदलले. तेलंगण २ जून २०१४ रोजी झाले, तोवर पैनगंगेपलीकडचे सारे “आंध्र” असेच लिहिलेले असणार. नाक्यांवरच्या रांगा तुमच्या बाबांनी शेवटपर्यंत सोसल्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, तोवर ते निवृत्त झाले होते. हे लिहिले तर आजच्या वाचकाला त्या रांगांची कल्पना येईल.

आणखी एक. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५पर्यंत १९६१चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम, असे स्पष्ट म्हटले होते. डायरीत निघाल्याची आणि पोचल्याची वेळ असेल तर ती या आकड्याशेजारी ठेवून बघा. मी स्वतः कितीतरी गाड्या संध्याकाळी भरून “सकाळी माल पाहिजे” म्हणून रवाना केल्या आहेत. त्या वेळी बाजारात तशीच पद्धत होती, आणि तिचा सगळा भार केबिनमधल्या माणसावर पडत होता, हे सांगितलेच पाहिजे.

शेवटचे म्हणजे डायरीत ज्या तारखांना काहीच लिहिलेले नाही त्या तारखांकडे दुर्लक्ष करू नका. खर्चाची नोंद नाही म्हणजे ते रस्त्यावर नव्हते. त्या रिकाम्या तारखांची यादी करा.

सडक अर्जुनीकर

उस्ताद काकांच्या वयाचा आणि अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून मी त्यांच्या एका मताशी असहमती नोंदवतो. कर्ज लिहू नये, हे मला पटत नाही.

माझे वडील रायपूरच्या रस्त्यावर तांदळाच्या गाडीवर होते. नव्वदच्या दशकात त्यांनी फायनान्सवर स्वतःची जुनी गाडी घेतली, दोन वर्षांत हप्ते थकले आणि कंपनीची माणसे देवरीच्या पुढे भर रस्त्यात गाडी घेऊन गेली. वडील दुसऱ्याच्या ट्रकमध्ये बसून घरी आले. त्यानंतर ते पुन्हा परक्या मालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागले आणि गेलेल्या गाडीचे उरलेले देणे त्यांनी अनेक वर्षे फेडले. आमच्या घरात हा विषय निघत नसे. ते वारल्यावर गावातल्या माणसांनी भाषणे केली की ते कष्टाळू होते, शांत होते, देवमाणूस होते. ते ऐकताना मला सतत वाटत होते की ज्या माणसाने भर बाजारात मान खाली घातली आणि तरी दुसऱ्या आठवड्यात परक्याच्या गाडीचे स्टिअरिंग धरले, त्या माणसाबद्दल यातले कोणीच बोलत नाही. त्यांचा कष्टाळूपणा नेमका कशात होता हे त्या देण्याशिवाय सांगताच येत नाही.

ज्यांचे पैसे देणे होते त्यांची नावे लिहू नयेत, आकडेही लिहू नयेत. पण घर कशातून गेले हे लिहावे. तुमच्या गावात आजही कोणाचा तरी हप्ता थकलेला असेल, आणि त्याच्या घरातले कोणी ती पुस्तिका वाचेल.

एक लहान गोष्ट. बाबांचे फोटो निवडताना लग्नातले, फेटा बांधलेले तेवढेच घेऊ नका. बाह्या दुमडलेला एखादा फोटो असेल तर तो घ्या. माझ्या वडिलांचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा कितीतरी काळा होता. तो दिसणारा एकच फोटो आमच्याकडे आहे आणि तोच आम्ही बैठकीत लावला आहे.

केळापूरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. या काही आठवड्यांत बरेच हाती लागले.

मुनीम काकांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि भावाने डायऱ्यांतल्या रिकाम्या तारखांची यादी केली. आम्हाला वाटत होते की त्या सणांच्या असतील. तशा काही आहेत, पण सर्वांत मोठी रिकामी जागा जवळजवळ दर वर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आहे, म्हणजे पेरणीच्या वेळी. बाबांनी शेती सोडली आणि आईवर टाकली, असे आमच्या चुलत घरात नेहमी बोलले जाई आणि आम्हीही ते मनात धरून होतो. आईला विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, “पेरणीले ते यायचेच. मालकाचं बोलणं खाऊन यायचे.” मग वहिनींनी सुचवल्याप्रमाणे मी तिला एकेका वर्षाचे विचारत गेले आणि ती तीन दुपारी बोलत राहिली. विहिरीचे खोदकाम, आजीचे आजारपण, कापूस ओला निघाला ते वर्ष, सरकारी एकाधिकार कापूस खरेदीच्या केंद्रावर बैलबंडी लावून काढलेल्या रात्री. ते सगळे तिच्या शब्दांत उतरवले आहे. त्यात आमचे कर्जही येते, आणि तिचे म्हणणे आहे की ते राहू द्यावे.

करंजीच्या एका टायरवाल्या काकांनी बाबांना ओळखले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. २०२०च्या टाळेबंदीत हैदराबादकडून माणसे लेकराबाळांसह याच रस्त्याने पायी उत्तरेकडे चालली होती. तेव्हा बाबा रोज सकाळी महामार्गावर येऊन बसत. गावातली मुले पाणी आणि भाकरी वाटत आणि बाबा त्यांना पुढचा रस्ता सांगत. वडकीला सावली कुठे आहे, कोणत्या बंद धाब्याची विहीर गोडी आहे, कोणत्या पुलाखाली रात्र काढता येईल, शिवनीकडे जायचे असेल तर नागपुरात न शिरता कुठून वळावे. आम्हाला ते घरी एवढेच सांगत की पाय मोकळे करायला जातो. हे मी पुस्तिकेत आईच्या भागानंतर घेत आहे.

उस्ताद काका, आपल्याला एक विचारायचे आहे. काही डायऱ्यांमध्ये “ता. भाडे” अशी नोंद पुन्हा पुन्हा येते. रक्कम लहान आहे आणि पुढे कंसात “स्व.” असे लिहिले आहे. टायरवाल्या काकांनाही ते सांगता आले नाही.

जुना उस्ताद, हिंगणघाट

ताई, “ता.” म्हणजे ताडपत्री आणि “स्व.” म्हणजे स्वतःच्या खिशातून. मालकाने दिलेली ताडपत्री फाटकी असली तर पावसाळ्यात ड्रायव्हर चांगली ताडपत्री भाड्याने घेत असे, कारण माल भिजला तर त्याची भरपाई त्याच्याच हिशेबातून कापली जाई. काही जण तरीही घेत नसत आणि नशिबावर निघत. त्या नोंदी जून ते सप्टेंबरमधल्या आहेत का, आणि त्याच फेऱ्यांच्या बिल्ट्यांवर मागे सही कशी आहे, ते ताडून पाहा. तसे असेल तर ते बिल्टीच्या फोटोसह छापा. आणि सडक अर्जुनीच्या भाऊंचे म्हणणे मी दोनदा वाचले. आईंची संमती आहे तर कर्जाचेही लिहा.